अर्थार्जनास असमर्थ

आई गेली तेव्हा माझा भाऊ चाळिशी ओलांडून गेला होता. त्याला शर्टाची बटणं लावता येत होती, अंगण झाडता येत होतं आणि जळगावात आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या पिठाच्या गिरणीत दळणाचे डबे उचलून ओळीत ठेवता येत होते. लोक म्हणायचे, एवढंच येतं बिचाऱ्याला. त्याला एवढं यावं म्हणून आमच्या आईवडिलांचा जन्म गेला होता, ते लोकांना कुठून कळणार?

त्याची बुद्धी जन्मापासूनच मागं राहिलेली. वडील सरकारी खात्यात रोड रोलर चालवायचे. शाळेनं भावाला ठेवून घेतलं नाही तेव्हा वडिलांनी त्याला स्वतःबरोबर न्यायला सुरुवात केली. यावल-रावेरच्या बाजूला रस्त्याचं काम असलं, की हा दिवसभर रोलरवर बापाशेजारी बसलेला असे. मजूर थट्टा करायचे, "काय रे, तू काय करतोस?" आणि हसायचे. एकदा वडिलांनी रोलर थांबवला, खाली उतरले आणि सगळ्यांसमोर त्याला शिकवलं, "कोनी इचारं तं सांगजो, मी काम करस." त्या दिवसापासून कुणीही काहीही विचारलं तरी हा छाती पुढं काढून तेच सांगू लागला. गिरणीत त्याला वडिलांनीच नेऊन बसवलं. गिरणीवाले शेठ मारवाडी, तीन पिढ्या जळगावात काढलेले. ते सकाळी त्याला नाश्ता द्यायचे, दिवाळीला कपडे करायचे. पगार वगैरे काही नव्हता. हा मात्र सकाळी आंघोळ करून, केसांना तेल लावून, ड्यूटीवर निघाल्यासारखा निघायचा.

वडिलांमागं आईला निम्मी पेन्शन मिळायची, त्यावर दोघांचं भागायचं. आईच्या तेराव्याला वडिलांच्या खात्यातले एक जुने सहकारी आले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. निवृत्तीनंतर ते पेन्शनरांच्या एका संघटनेचे अध्यक्ष झाले होते आणि तेव्हापासून त्यांच्या अंगावरचा पांढरा सफारी उतरला नव्हता. पुरणपोळी वाढून घेता घेता ते मला म्हणाले, "पोरी, सरकारी नोकराचं मूल असं असलं आणि स्वतःचं पोट भरू शकत नसलं, तर आईबापामागं त्याला मरेपर्यंत पेन्शन मिळते. तू काही काळजी करू नको. संघटना तुझ्या पाठीशी शे."

संघटना माझ्या पाठीशी आहे म्हणजे काय, ते मला पुढं कळलं. वार मी झेलावेत आणि फोटो तिचा निघावा, अशा बेतानं ती मागं उभी राहते.

मी धुळ्याला देवपुरात राहते, तिथंच एका शाळेत मराठी शिकवते. भावाला जळगावच्या घरी ठेवून, शेजारच्या अक्कांना त्याच्या जेवणाचं सांगून, मी सुट्या काढून एसटीनं ये-जा करू लागले. पेन्शनच्या कार्यालयातला बाबू माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्याच्या टेबलावर काचेखाली देवाचा फोटो आणि काचेवर मोबाइल. मोबाइलमध्ये कुणीतरी नाचत असायचं. माझे कागद त्यानं चाळले आणि म्हणाला, "मॅडम, हा दिव्यांगाचा दाखला झाला. दिव्यांग आहे हे मान्य. पण कमवू शकत नाही, हे कुठं लिहिलंय?"

"त्याला स्वतःचं वय सांगता येत नाही," मी म्हणाले.

"तसं असू शकतं. पण वय सांगता न येणं वेगळं आणि अर्थार्जनास असमर्थ असणं वेगळं. त्याचा वेगळा दाखला लागतो. बोर्डासमोर जा."

आपण काही अवघड समजावून सांगितलं, असं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. असे चेहरे मी वर्गात पुष्कळ पाहिले आहेत. दुसऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवून घेतलेल्या मुलाचा चेहरा तसा दिसतो. त्या मुलांची मला कीव येते. याची आली नाही.

बोर्ड म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या एका खोलीत लांब टेबलामागं बसलेले तीन डॉक्टर. बाहेर व्हरांड्यात माणसं दाटीवाटीनं बसलेली. त्या व्हरांड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिथं प्रत्येक जण आपलं दुखणं वर काढून बसला होता. पाय नसलेल्यानं धोतर मांडीपर्यंत खेचलं होतं. एक बाई सुनेला सांगत होती, "आत गेल्यावर डोळे उघडू नकोस." आणि या सगळ्यांत माझा भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ताठ बसला होता. साहेबांकडे जायचं म्हणून आदल्या दिवशी त्यानं दाढी करून घेतली होती. आमच्या शेजारचा माणूस त्याच्याकडे बघून मला म्हणाला, "बाई, याला असं का आणलं?" मला त्याचा राग आला. पण तो अनुभवी होता.

आत गेल्यावर मधल्या डॉक्टरनं नाव विचारलं. भावानं बरोबर सांगितलं. मग विचारलं, "काय करतोस?"

भावाची छाती पुढं आली. "मी काम करस."

"अरे वा. कुठं?"

"गिरणीमा. डबा उचलस. बठ्ठा डबा मीच उचलस." बठ्ठा, म्हणजे सगळे.

डॉक्टर शेजारच्याला म्हणाला, "हा आपल्यापेक्षा जास्त काम करतो." दोघं हसले. तिसरा हसला नाही, पण त्याचं कारण असं की तो मान खाली घालून आधीच्या माणसाच्या कागदावर सही करत होता.

मी म्हणाले, "साहेब, त्याला पैसे मोजता येतात का ते विचारा. रस्ता एकट्यानं ओलांडता येतो का विचारा. गिरणीत त्याला कुणी पगार देत नाही. माया म्हणून बसू देतात."

"बाई, बोर्डाला शिकवू नका," डॉक्टर म्हणाला. एका माणसाचं उभं आयुष्य ठरवायला चहा पिण्याएवढाही वेळ लागला नाही. पुढच्या आठवड्यात दाखला हातात आला. वडिलांनी रोलर थांबवून जे एक वाक्य शिकवलं होतं, त्या वाक्यानं मुलाची पेन्शन घालवली होती. दाखल्यावर लिहिलं होतं, अर्थार्जनास समर्थ.

मी नानांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, तू मला आधी विचारायचं होतं. याची एक पद्धत असते." दुसऱ्या दिवशी ते घरी आले. ओट्यावर खुर्ची टाकून बसले, भावाला समोर पाटावर बसवलं आणि मला सांगू लागले, "अपील करायचं. पुन्हा बोर्ड बसेल. पण या वेळी याला तयार करून न्यायचं. दाढी वाढू दे. शर्ट फाटका घाल. लाळ गाळली तर फार उत्तम, एका मिनिटात सही होते. मी कितीतरी जणांचं करून दिलंय." त्यातल्या एकाला तर चांगलं ऐकू येत असूनही त्यांनी बहिरा करून पास केलं होतं, हेही त्यांनी अभिमानानं सांगितलं.

मग ते भावाकडे वळले. "हे बघ, साहेबनी इचारं, तुले काय येस, तं काय सांगशी? म्हन, माले काही येत नही."

भावानं आधी माझ्याकडे बघितलं. मग तो नानांना म्हणाला, "माले बठ्ठं येस."

"तसं नही म्हननं. म्हन, काही येत नही."

"बठ्ठं येस," भाऊ म्हणाला आणि पाटावरून उठला. आत जाऊन त्यानं झाडू आणला आणि ओटा झाडायला सुरुवात केली. नानांच्या खुर्चीखालून झाडलं, त्यांच्या बुटांच्या मधून झाडलं. नाना पाय वर घेऊन बसले. आपल्याला येतं हे भाऊ त्यांना दाखवत होता. धूळ उडून त्यांच्या सफारीवर बसली, तशी ते ओरडले, "याला आवर!"

"नाना," मी म्हणाले, "त्याला काही येत नाही असं शिकवायला तुम्ही आलात. ते त्याला शिकता येत नाही. आता तुम्ही जा."

ते गेले. जाताना म्हणाले, "शिकलेल्या बायकांना व्यवहार कळत नाही." मला व्यवहार कळत होता. घरचं माणूस बाजारात बसवून, त्याचं व्यंग उघडं करून, त्याचा भाव करायचा, याला ते व्यवहार म्हणत होते. वडिलांबरोबर तीस वर्षं एका डब्यात जेवलेला हा माणूस. वडिलांचा मुलगा लाळ गाळताना त्याला पाहायचा होता, कारण तेवढं केलं की फाइल पुढं सरकते.

मी अपील केलं. त्यावर चौकशी लागली. चौकशीला तोच मोबाइलवाला बाबू स्कूटरवरून गल्लीत आला आणि थेट गिरणीत जाऊन बसला. शेठनी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "याला पगार किती देता?" शेठ म्हणाले, पगार नाही. "मग तुमच्या गिरणीत दिव्यांग माणूस बिनपगारी राबतो, असं लिहू का?" बाबूनं हसत विचारलं. हे मला शेठनीच नंतर सांगितलं. बाबूला लिहायचं काहीच नव्हतं, त्याला फक्त समोरच्याचा चेहरा उतरलेला बघायचा होता. छोट्या अधिकाराची माणसं असं करतात. त्यांच्या घरी त्यांना कुणी घाबरत नसावं.

मी जळगावला आले तेव्हा शेठ घरी आले आणि हात जोडून उभे राहिले. "ताई, माझ्या वडिलांनी त्याला बसू दिलं, मी बसू देतो. तो मला जड नाही. पण सरकार लिहून घ्यायला लागलं म्हणजे... मला लायसन आहे, मुलंबाळं आहेत. तुमचं काम होईपर्यंत त्याला पाठवू नका."

मी त्यांना दोष दिला नाही. तसा मोठा मानही मला देता आला नाही. पण सगळ्या प्रकरणात नजर खाली घालून बोलणारा हा एकच माणूस भेटला, एवढं मी त्यांच्या बाजूनं म्हणेन.

भावाला काय सांगायचं? गिरणी बंद आहे, असं मी त्याला सांगितलं. पण पट्ट्याचा आवाज घरापर्यंत येत होता. सकाळी तो तेल लावून निघाला आणि गिरणीसमोर उभा राहिला. शेठ आतून हातानं 'जा' म्हणाले. तो गेला नाही. बायका डबे घेऊन येत होत्या, आणि हा रस्त्यावरूनच त्यांना सांगत होता, कुठला डबा कुठं ठेवायचा. शेजारच्या अक्का त्याला दंडाला धरून घरी घेऊन आल्या. असं रोज चाललं. काही दिवसांनी तो जायचा थांबला. मग तो जेवायचाही थांबला, तेव्हा मी त्याला धुळ्याला घेऊन आले.

दुसऱ्यांदा बोर्ड बसलं ते पावसाळा संपता संपता. मी त्याला पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला, पुन्हा दाढी करवली. मला ठाऊक होतं, यानं नुकसान होईल. पण वडिलांच्या मुलाला मी फाटक्या शर्टात नेणार नव्हते. पेन्शन बुडाली असती तरी नाही.

या वेळी टेबलामागं मानसोपचाराच्या एक डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, कुणाशी फार न बोलणाऱ्या. त्यांनी भावाला काय करतोस असं विचारलंच नाही. पर्समधून एक नोट काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खाली कँटीन आहे. तिथून दोन चहा आण. उरलेले पैसे परत आण."

मी उठले. त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा."

मी बसले. त्यांनी मधल्या वेळात आणखी दोन माणसं तपासली. भाऊ येईना. माझं चित्त जिन्याकडे लागलं होतं. तो रस्त्यावर गेला असेल तर? शेवटी दार उघडलं आणि भाऊ आत आला. दोन्ही हातांनी त्यानं कागदी कप धरला होता. अर्धा चहा शर्टावर सांडला होता, बोटं भाजून लाल झाली होती. त्यानं कप टेबलावर ठेवला आणि ताठ उभा राहिला.

"दुसरा चहा कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पी टाका."

"बरं केलंस. आणि पैसे?"

"दी टाका."

"सगळे?"

"बठ्ठा."

डॉक्टर हसल्या नाहीत. दोन चहांच्या कित्येक पट रकमेची ती नोट होती. कँटीनवाल्यानं ती पाहिली, समोर उभा असलेला माणूस पाहिला, आणि उरलेले पैसे खिशात घातले. रुग्णालयाच्या कँटीनमध्ये, जिथं रोज असलीच माणसं येतात. मी त्या कँटीनवाल्याला पाहिलेलं नाही. पाहायची गरजही नाही, बाबू आणि नानांना मी पाहिलं होतं.

त्या डॉक्टरांनी तो उरलेला अर्धा चहा पिऊन टाकला, मगच लिहायला घेतलं. परिचारिकेला सांगून भावाच्या बोटांना मलम लावायला लावलं. एवढंच. माझं सांत्वन केलं नाही, त्याला बिचारा म्हटलं नाही. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी आपलं काम केलं होतं.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, मी पास व्हयनू."

"हो," मी म्हणाले. "पास झालास."

मंजुरीचा आदेश निघाला तेव्हा बाबूनं स्वतः फोन केला. आवाजात इतकी आपुलकी, जणू पेन्शन त्याच्या खिशातून जाणार होती. मी सही करायला गेले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, दरवर्षी लिहून द्यावं लागेल, तो काही कमावत नाही म्हणून. गिरणीत वगैरे दिसला तर पेन्शन बंद. आधीच सांगून ठेवतो."

"बिनपगारी केलं तर?"

त्यानं थोडा विचार केला. "फुकट केलेलं काम म्हणजे काम नाही," तो म्हणाला. त्या कार्यालयात ऐकलेल्या वाक्यांत हे एक मला अजून आठवतं. माझ्या आईनं हे ऐकलं असतं तर तिनं त्याला घरी जेवायला बोलवून, ताट वाढायच्या आधी परत पाठवलं असतं.

त्याच आठवड्यात, मी भावाला घेऊन जळगावचं घर आवरायला गेले असताना, नाना आले. बरोबर शाल, नारळ, हार आणि मोबाइल धरायला संघटनेचे दोन सभासद. "आपला विजय झाला, पोरी," ते म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी भावाच्या गळ्यात हार घातला, खांद्यावर शाल टाकली आणि त्याला बगलेत घेऊन उभे राहिले. एका सभासदानं मजकूर वाचून दाखवला, तो संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा होता: संघटनेच्या अथक प्रयत्नांनी एका निराधार मतिमंदाला न्याय.

मला तो हार ओढून काढायचा होता. पण भाऊ खूश झाला होता. शालीचा पदर तो गालाला लावून बघत होता. आई गेल्यापासून मी त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं. मग त्यानं नानांच्या सफारीची बाही धरली आणि विचारलं, "नाना, काम शे का?"

नाना हसले. "आता तुला काम करायची गरज नाही रे. सरकार पोसणार तुला."

"काम शे का?" भावानं पुन्हा विचारलं.

नानांनी सभासदाला सांगितलं, "काढ लवकर." फोटो निघाला. मी मजकूर मागून घेतला आणि त्यांच्यासमोर 'निराधार' शब्द खोडला. नाना म्हणाले, "अगं, त्यानं परिणाम येतो." मी म्हणाले, "याला आधार आहे. तुमची संघटना नसली की झालं." चहा विचारला नाही. खानदेशात दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, हे नानांना कळत होतं. शाल तेवढी ठेवून घेतली, ती भावाला आवडली होती.

आता तो माझ्याकडे देवपुरातच असतो. आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये सकाळी बायकांचा योगवर्ग चालतो. तिथं सतरंज्या अंथरायच्या आणि नंतर गुंडाळून ठेवायच्या, हे काम त्यानं आपणहून धरलं. तेल लावून निघतो. बायका त्याला भाऊ म्हणतात, तो नसला की चौकशी करतात. कुणी त्याला काही देत नाही आणि मी कुणाला देऊ देत नाही. एकीनं राखीला पाकीट पुढं केलं, मी ते तिच्या पर्समध्ये परत घातलं. तिला वाटलं मी मानी आहे. तिला कुठं सांगत बसू, की त्या पाकिटानं माझा भाऊ सरकारदरबारी कमावता झाला असता.

गेल्या महिन्यात वर्षाचं लिहून द्यायला आम्ही दोघं जळगावला गेलो. बाबू तोच, मोबाइल नवा. भावाला बघून तो खुर्चीत मागं रेलला. "काय मग, काय करतो आता?"

भावाची छाती पुढं यायला लागली. मी पिशवीतून एक केळं काढून त्याच्या हातात दिलं. तो सोलायला लागला.

"काही कमावत नाही," मी म्हणाले, आणि सही केली.